शंभरचा इमोजी

तुमच्या फोटोखाली कुणी तो लाल रंगातला, खाली दोन रेघा मारलेला शंभरचा इमोजी टाकला, तर तुम्ही खूश होता की नाही? होणारच. आपण लातूर विभागातली पोरं. शंभर हा आकडा आपल्याला बाळगुटीतच दिलेला असतो. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले आणि त्यातले ११३ एकट्या आपल्या विभागातले होते.

त्याच वर्षी १३ मार्चला नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली. तिच्यात हाच इमोजी एका खुनाच्या तपासात समोर येतो आणि तिथं त्याचा अर्थ शाबासकी असा नसतो. जेमी मिलर, वय वर्षं १३. त्याच्याच शाळेतल्या केटीला भोसकून मारल्याच्या आरोपावरून पोलीस पहाटे त्याला घरातून उचलतात. बॅसकोम्ब नावाचा पोलीस अधिकारी जेमीचं इन्स्टा बघतो. केटीनं खाली इमोजी टाकलेत, म्हणजे यांची मैत्री असणार, असं तो धरून चालतो. शेवटी त्याच शाळेत शिकणारा त्याचा स्वतःचा मुलगा त्याला बाजूला घेतो आणि समजावून सांगतो, की बाबा, तुम्हाला यातलं काहीच कळत नाहीये. शंभर म्हणजे ८०-२० चा नियम. ८० टक्के मुलींना फक्त २० टक्के मुलंच आवडतात म्हणे, आणि तू उरलेल्यांतला आहेस. बदामाच्या प्रत्येक रंगाला वेगळा अर्थ. डायनामाइटचा पण अर्थ वेगळा. केटी जेमीला सगळ्या शाळेसमोर ‘इनसेल’ म्हणत होती, म्हणजे ज्याच्याकडे कुठलीच मुलगी ढुंकून बघणार नाही असा मुलगा.

स्पॉयलर दिला म्हणून चिडू नका. खून कुणी केला हे पहिल्याच भागाच्या शेवटी सीसीटीव्हीत दिसतं. पुढचे तीन भाग ‘का’ याचे आहेत. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय, मध्ये एकही कट नाही. त्यामुळे नजर दुसरीकडे वळवायची सोयच राहत नाही.

आता म्हणाल, इंग्लंडातल्या पोरांचं आपल्याला काय? तर देवणीच्या नजरेनं एकदा बघा. आपल्याकडे ‘पॉप्युलर’ कोण, हे कोण ठरवतं? मार्क आणि लाइक. निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो. वर नेत्यांचे फोटो, खाली गुणवंतांचे, आणि गुणवंतांमध्येही पहिला मोठा, बाकीचे स्टॅम्पसाइज. लातूरला क्लास लावला तर टेस्टच्या मार्कांवरून बॅच ठरते. बॅच बदलली की रूमवर बोलायची पद्धतसुद्धा बदलते, हे तुम्हीही बघितलं असेल. संध्याकाळी फोन उघडला की दुसरी यादी तयारच. कुणाच्या रीलला किती व्ह्यूज, कुणाच्या वाढदिवसाला किती स्टेटस, कुणाला ग्रुपमधून काढलं. लहान गावात तर या याद्या लपतही नाहीत. पुण्या-मुंबईत एका कॉलेजात मागं पडलेला पोरगा दुसऱ्या क्लबात जाऊन नवा चेहरा घेऊ शकतो. देवणीत त्याच्या नवव्या इयत्तेतला अपमान बारावीपर्यंत त्याच्यासोबत चालत जातो, कारण वर्गातलीच पोरं गल्लीत, तीच लग्नात, तीच यात्रेत.

यात्रेवरून आठवलं. माळेगावच्या पशुप्रदर्शनात वळूंचे नंबर काढतात. आपली देवणी जात त्यासाठीच तर प्रसिद्ध आहे. पहिला नंबर आलेल्या वळूच्या गळ्यात हार पडतो, तेव्हा शेजारचा वळू निवांत रवंथ करत असतो. तोंड पडतं ते त्याच्या मालकाचं.

‘ॲडोलसन्स’मध्येही असा मालक आहे. जेमीचे वडील त्याला फुटबॉलला नेतात. पोराला खेळता येत नाही, बाकीचे बाप हसतात, आणि हा बाप दुसरीकडे बघायला लागतो. पोरानं मात्र बापाला मान वळवताना बघितलेलं असतं. मारहाण नाही, शिवी नाही, काहीच नाही. तरी ते त्याच्या मनातून जात नाही.

मराठीत मत्सराला साधा शब्द आहे, जळणं. टेम्पोच्या मागं लिहिलेलं असतं ‘जळू नका, बरोबरी करा’, आणि निम्म्या रील्सच्या कॅप्शनमध्ये ‘जळणाऱ्यांना जळू द्या’ असतं. गंमत बघा, कुणीतरी आपल्यावर जळतंय हे आपण अभिमानानं सांगतो. पण ‘मी त्याच्यावर जळतो’ हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? माझ्या मते लोच्या तिथंच आहे. जळणं लोकांसमोर कबूल करायची सोय नाही, म्हणून ते दुसऱ्याच नावानं बाहेर येतं. कधी टिंगल, कधी फेक अकाउंट, कधी ‘ती तसलीच आहे’ अशी कुजबूज.

आपल्या पडद्यावरही हे फारसं आलेलं नाही. ‘सैराट’मध्ये खून होतो, पण तो घरच्यांच्या इभ्रतीपायी. हिंदीत चॅनल व्हीवर २०१२ पासून ‘गुमराह’ लागायचं, त्यात कोवळ्या पोरांचे गुन्हे असायचे. २०२३ मध्ये ‘एलीट’ या स्पॅनिश मालिकेवरून केलेली ‘क्लास’ आली. दिल्लीची उच्चभ्रू शाळा, तिथं आलेली तीन गरीब मुलं, आणि एक खून. बघायला मजा येते, खोटं कशाला बोला. पण ‘क्लास’मध्ये श्रीमंती इतकी चकचकीत आहे, की हे आपल्या वर्गात होणार नाही असं वाटून आपण निवांत झोपतो. जेमीच्या घरी मात्र चकचकीत काही नाही. बाप प्लंबर, दारात त्याची व्हॅन.

आणि खऱ्यात? ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईतल्या १६ वर्षांच्या एका मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं आणि नंतर त्याचा खून झाला. ऑर्कुटवरच्या ओळखीचा धागा पुढं आला आणि आईबापांनी ऑर्कुटच्या नावानं धसका घेतला. ज्यांच्यावर खटला चालला ते २०१२ मध्ये निर्दोष सुटले. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडलं. आपण किती मोठे, किती श्रीमंत, किती लाडके हे रोज मांडून दाखवायची सवय मात्र एका ॲपवरून दुसऱ्यावर आरामात गेली.

जेमी आपल्याकडे असता तर? आपल्या बाल न्याय कायद्यानुसार १३ वर्षांच्या मुलावर मोठ्यांच्या कोर्टात खटला चालतच नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढं उभं करतात. तिथं एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. १६ ते १८ वयाच्या मुलानं घोर गुन्हा केला असेल तर २०१५ च्या कायद्यानं वेगळी वाट ठेवली आहे. त्याची समज आणि मानसिक स्थिती आधी तपासायची, मानसतज्ज्ञाची मदत घ्यायची, मग त्याला मोठा धरायचं की नाही हे ठरवायचं.

मालिकेचा तिसरा भाग मानसतज्ज्ञाच्या तपासणीवरच आहे. एक खोली, एक टेबल, जेमी आणि मानसतज्ज्ञ ब्रायोनी. बाकी काही नाही. पोरगा हसतो, लाडात येतो, मध्येच अंगावर धावून जातो, परत लहान होतो. शेवटी शिपाई त्याला ओढून नेत असतात आणि तो ओरडून तिला विचारत राहतो, की मी तुला आवडतो का? माणूस म्हणून तरी? खुनाच्या आरोपातल्या पोराला त्या क्षणी शिक्षेची नाही, आपण आवडतो का याचीच पडलेली असते. ओवेन कूपरचं हे पहिलंच काम होतं. त्यासाठी त्याला १५ व्या वर्षी एमी मिळाला.

याच भागात कळतं की केटीचा अर्धनग्न फोटो दुसऱ्याच एका मुलानं शाळेत पसरवला होता. जेमीला वाटलं, आता ती खचली असेल, आता ती आपल्याला ‘हो’ म्हणेल. म्हणजे तिची बदनामी त्याला स्वतःसाठी संधी वाटली. ती ‘नाही’ म्हणाली. मला हे सुऱ्यापेक्षा भयंकर वाटलं. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलीचा असा फोटो नुसता फॉरवर्ड केला तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ‘मी काढला नाही, फक्त पुढं पाठवला’ हे तिथं चालत नाही. आणि फोटो तुमचाच असेल, किंवा तुमच्याच डोक्यात असलं काही घोळत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. १८ च्या आतल्यांसाठी १०९८ आहेच.

मालिकेवर माझी एक तक्रार आहे. केटी आपल्याला जवळपास भेटतच नाही. दुसऱ्या भागात बॅसकोम्बची सहकारी मिशा फ्रँक हेच बोलून दाखवते, की सगळ्यांना जेमी लक्षात राहील, केटी कुणाच्या लक्षात राहणार नाही. मालिकेला हे कळतंय, तरी ती जेमीच्याच घरी जाते. केटीची मैत्रीण जेड मात्र एका छोट्या प्रसंगात हादरवून टाकते. जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं आणि तेच गेलं, हे तिच्या रागातून कळतं. तो प्रसंग चुकवू नका.

चौथा भाग जेमीच्या आईबापांचा. वडिलांचा पन्नासावा वाढदिवस असतो आणि दारातल्या व्हॅनवर पोरांनी घाण शब्द फवारलेला असतो. दोघं पलंगावर बसून आठवत राहतात, कुठं चुकलं. पोरगा शाळेतून यायचा, दार लावून कॉम्प्युटरपुढं बसायचा. रात्री एकला त्याच्या खोलीतली लाईट दिसायची. आई दार वाजवायची, लाईट बंद व्हायची. घरातच तर होता, त्यांना वाटायचं, खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे. देवणीतून लातूरला रूम करून ठेवलेल्या लेकराला रात्री एकला फोन लावा आणि त्यानं ‘जागाय’ म्हणू द्या, आपल्या घरीही दुसऱ्या दिवशी शेजारणीला हेच सांगतात : रात्र-रात्र अभ्यास करतंय बिचारं.