त्वचेची डागडुजी करणाऱ्या सुया

त्वचा सुधारणारी सगळी इंजेक्शनं एकाच माळेचे मणी नाहीत.

पीआरपीत (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) रुग्णाचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेट्सचा दाट अंश वेगळा काढतात. त्यातले वाढीचे घटक पेशींना कामाला लावतात. मात्र प्रत्येकाचं रक्त वेगळं, त्यामुळे गुणही कमी-जास्त. दक्षिण कोरियात गाजलेलं पॉलिन्यूक्लिओटाइड सॅमन माशाच्या डीएनएपासून बनतं. पीएलएलए (पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड) हळूहळू विरघळत कोलॅजन वाढवतं. अमेरिकेत २००४ साली त्याला मान्यता मिळाली ती एचआयव्हीबाधितांच्या खोल गेलेल्या गालांसाठी! सौंदर्याच्या जाहिरातींत हा मोलाचा इतिहास हरवतो.

स्वच्छता औषधाइतकीच महत्त्वाची. न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये २०१८ साली पीआरपी फेशियल घेतलेल्या काही महिलांना एचआयव्हीची लागण झाली. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा आणि सीलबंद सुई डोळ्यांदेखत उघडायला सांगा.