गाडीच्या चावीआधी चारित्र्याचा दाखला



काटोलच्या किंवा छिंदवाड्याच्या रस्त्याने येणारा माणूस सदरच्या अंगाने नागपुरात शिरतो. सदरला लागूनच सिव्हिल लाइन्स. जिल्हाधिकारी कचेरी तिथेच, जिल्हा न्यायालय तिथेच आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठही तिथेच. म्हणून या भागात खेड्यातला बापलेकांचा जोड हमखास दिसतो. बापाच्या डोक्यावर टोपी, मुलाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

समजा, असाच एक जोड तुमच्या गावचा आहे. वावर चार एकर आणि भाऊ दोन. एकाने शेती करावी, दुसऱ्याने ट्रकवर जावे, असे घरात ठरले. यात वावगे काहीच नाही. श्रीनगर-कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना मिळतात. मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरहूनच सुटतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि उरलेला रस्ता जून २०२५ मध्ये पुरा झाला. वाडीची गोदामे, बुटीबोरीचे कारखाने, संत्री, कापूस, कोळसा, या सगळ्यांना गाडी लागते आणि गाडीला ड्रायव्हर लागतो.

मुलाने क्लीनर म्हणून दिवस काढले, परवाना मिळवला. ट्रान्सपोर्टच्या मालकाने त्याचा हात पाहिला आणि म्हणाला, "गाडी चांगली चालवतोस. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आण आणि सोमवारपासून ये."

इथे बापाचा चेहरा उतरला. चार वर्षांपूर्वी धुऱ्यावरून चुलतभावाशी भांडण झाले होते. दोन काठ्या चालल्या, दोन्हीकडून तक्रारी झाल्या आणि तक्रारीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे पडली. मुलगा त्या दिवशी विहिरीवर होता, तरी त्याचेही नाव पडले. खटला अजून तारखांवर चालू आहे. आता काय करावे?

हा प्रश्न एका घरचा नाही. म्हणून आज त्याचा नीट विचार करू.

मालक हा कागद का मागतो?

मालकावर लगेच रागावू नका. लाखोंची गाडी आणि तिच्यात लाखोंचा माल तो एका अनोळखी तरुणाच्या हाती देतो आणि रात्रभर डोळ्याआड सोडतो. ज्याचा माल असतो ती कंपनीही त्याला विचारते की ड्रायव्हरची चौकशी केली आहे का. पेट्रोल-डिझेलचे टँकर, गॅसच्या गाड्या, स्फोटकांची वाहतूक यांत तर ही चौकशी अधिकच कसून होते. नागपूरच्या आसपास स्फोटकांचे आणि दारूगोळ्याचे कारखाने आहेत, हे तुम्ही जाणताच. शिवाय आता न्यायालयातले खटले नावावरून संगणकावर शोधता येतात. म्हणजे तुम्ही सांगितले नाही, तरी समोरच्याला कळण्याची वाट मोकळी आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. ट्रकसारखे व्यावसायिक वाहन चालवायला वयाची २० वर्षे पुरी हवीत, आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हाती असावा लागतो. डॉक्टरी तपासणी होते. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. व्यावसायिक परवाना आता ५ वर्षांसाठी मिळतो. धोकादायक माल नेण्याची मुभा ३ वर्षांसाठी असते आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

याच कायद्याचे १९ वे कलम ध्यानात ठेवा. माणूस सराईत गुन्हेगार किंवा अट्टल दारुडा असेल, मादक पदार्थांच्या आहारी गेलेला असेल, किंवा त्याने गाडी दखलपात्र गुन्ह्यासाठी वापरली असेल, तर परवाना देणारा अधिकारी त्याला अपात्र ठरवू शकतो. मात्र आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. धुऱ्याच्या एका भांडणाने कोणी सराईत गुन्हेगार होत नाही. म्हणजे परवान्याला सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती नोकरीला. खटला चालू असलेल्या माणसाला ट्रकवर ठेवू नये, असे कोणताही सर्वसाधारण कायदा खासगी मालकाला सांगत नाही. तो निर्णय मालकाचा असतो, आणि म्हणूनच त्याच्यासमोर खरी हकीकत नीट मांडता आली पाहिजे.

दाखला कसा काढावा?

दाखल्याचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून करता येतो. फोटो, ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. मग तुमच्या भागातल्या ठाण्यातून चौकशी होते. गावी राहत असाल तर दाखला जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडून येतो, नागपूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडून. मुलगा सदरमध्ये खोली करून राहत असेल, तर तोही पत्ता लिहावा आणि गावचाही लिहावा. पत्ता दडवला की विनाकारण संशय येतो. पोलीस पाटलांची चिठ्ठी ओळखीपुरती उपयोगी पडेल, पण ती या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही. दलालाला पैसे देऊ नका. खोटा दाखला बनवणे हा स्वतःच गुन्हा आहे, आणि मूळ भांडणापेक्षा तो फार जड पडेल.

तक्रार, खटला आणि शिक्षा

आपल्याकडे "त्याच्यावर केस आहे" एवढ्या एका वाक्यात सगळे मोडते. खरे तर यात पायऱ्या आहेत.

अदखलपात्र तक्रार ही केवळ नोंद असते. सणावाराला किंवा निवडणुकीआधी शांतता राखण्यासाठी बाँड घेतात, ती प्रतिबंधक कारवाई असते. ती शिक्षा नव्हे. गुन्हा नोंदला गेला म्हणजे आरोप झाला, तो सिद्ध झाला नाही. निर्दोष सुटका झाली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवा. साध्या मारहाणीसारख्या काही गुन्ह्यांत दोन्ही बाजूंना न्यायालयात तडजोड करता येते, आणि कायद्याप्रमाणे अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो. न्यायालयाने चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे १२ वे कलम सांगते की त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. अठरा वर्षांच्या आत घडलेल्या चुकीमुळेही २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे पुढे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांपुढच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला असेल, तर गोष्ट वेगळी.

इंग्लंडमध्ये १९७४ साली असा कायदा झाला, की लहान शिक्षा भोगून ठरावीक वर्षे नीट वागलेल्या माणसाचा जुना गुन्हा बहुतेक नोकऱ्यांसाठी मिटलेला समजावा. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून आपले कागद आपणच सांभाळायचे.

लपवू नका

सरकारी नोकरीसाठी चौकशीचा नमुना भरताना अनेकांचा पाय इथेच घसरतो. हरियाणा पोलिसांत शिपाई-ड्रायव्हर म्हणून निवडलेल्या तरुणांचे प्रकरण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. त्यांनी "अटक झाली नाही" असे लिहिले होते, कारण ते कोठडीत गेलेच नव्हते. न्यायालयात हजर होऊन त्यांनी जामीन घेतला होता. न्यायालयाने सांगितले, कायद्याने ती अटकच. पण ही चूक समजुतीची आहे, लबाडीची नाही. त्यांना त्याचा फायदा मिळाला. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले की तरुण वयातल्या किरकोळ चुकांकडे जरा उदारपणे पाहावे. तरी यावर विसंबू नका. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात न्यायालयाने नियम घालून दिले: उमेदवाराने दिलेली माहिती खरी असावी, आणि खरे सांगितल्यावरही नोकरी द्यायची की नाही हे प्रकरण पाहून ठरवण्याचा हक्क नोकरी देणाऱ्याला आहे.

तेव्हा मुलाने मालकासमोर सरळ बसावे आणि सांगावे, "धुऱ्याच्या भांडणात माझे नाव आहे. खटला चालू आहे. हे कागद पाहा." एखादा मालक नाही म्हणेल. दुसरा ठेवून घेईल, कारण खरे बोलणारा ड्रायव्हर त्यालाही हवाच असतो. पण तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या तोंडून कळले, तर कोणीच ठेवणार नाही.

गाडीवर गेल्यानंतर

नोकरी लागली म्हणजे काळजी संपली नाही. दारू पिऊन गाडी चालवल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि तो डाग पुढच्या प्रत्येक मालकाला दिसेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. अपघात करून पळण्याबद्दल दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलमही त्यात आहे. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, आणि संहिता लागू करताना सरकारने तेवढे कलम मागे ठेवले. कलम असो वा नसो, जखमीला टाकून पळू नये. पोलिसांना कळवावे.

वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. तडजोडीजोगा खटला असेल तर लोकअदालतीत मिटवता येईल का, हे तिथेच विचारा.

शेवटी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना. भांडणाच्या रागात समोरच्या घरातल्या पोरासोरांची नावे तक्रारीत घालू नका. आज तुम्ही त्यांच्या मुलाचे नाव लिहिले, तर उद्या ते तुमच्या मुलाचे लिहितील. धुरा सरकून सरकून हातभर सरकेल आणि मोजणीत परत जागेवर येईल. ठाण्याच्या वहीत गेलेले नाव मात्र इतक्या सहज परत येत नाही. आपल्या गोष्टीतल्या बापाला चुलतभावाच्या दारी जाऊन तडजोडीचे बोलणे करायला अजून उशीर झालेला नाही. त्या घरातही कामाधंद्याला लागणारे पोर असेलच.