झाडीपट्टीतील आवतण आणि प्रेक्षकवर्गाची वाढ

एखाद्या कलाकृतीचा प्रेक्षकवर्ग कसा वाढतो, या प्रश्नाचे उत्तर हल्ली बहुधा यंत्राच्या आधारे दिले जाते. फेसबुकने २००९ मध्ये पसंतीचे बटन आणले आणि पुढच्याच वर्षी ते इतरांच्या संकेतस्थळांवर बसविण्याची सोय केली. वाचणाऱ्यानेच वाचलेले पुढे पोचवावे, ही कल्पना अशा बटनांमुळे सर्वत्र रूढ झाली. परंतु ती यंत्राने जन्मास घातलेली नव्हे. चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे आणि भंडारा-गोंदियाचा लगतचा मुलूख मिळून ज्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात, तेथे नाटकाचा प्रेक्षक बहुतांशी याच रीतीने जमत आला आहे. या रीतीचे परीक्षण केले असता बटनाचे सामर्थ्य कोठवर आहे, हेही ध्यानात येते.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर विस्ताराचा असून त्यातील दोनतृतीयांशाहून अधिक भूमी वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथे दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे राहतात. अशा विरळ वस्तीत तिकीट लावून रात्रभर चालणाऱ्या नाटकास एकट्या गावाचा प्रेक्षक पुरणे कठीण. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या रंगभूमीचे व्यापारी केंद्र होय. गावचे मंडळ तेथील नाटक कंपनीच्या कार्यालयात जाऊन नाटक व तारीख ठरविते, कंपनीची रक्कम मान्य करते आणि ती तिकीटविक्रीतून भरून काढते. शिल्लक राहिली तर ती गावकामी येते. तूट आली तर ती मंडळाच्याच अंगावर पडते. त्यामुळे परगावचा प्रेक्षक येणे ही येथे हौसेची बाब नसून हिशेबाची बाब आहे.

हा परगावचा प्रेक्षक येतो तो मुख्यत्वे आवतणाने. धानाची कापणी उरकली, हाती थोडा पैसा आला, की दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई, शंकरपट आणि नाटके यांचा हंगाम चालतो. गावात नाटक ठरले म्हणजे घरोघरून लेकी-जावयांना, व्याह्यांना, मामा-मावशीकडे निरोप जातात. भिंतीवरचा फलक व गाडीवरचा भोंगा नाटकाची वार्ता देतात. निरोप मात्र नाव घेऊन बोलावतो. शिवाय तो धाडणाऱ्यास काही खर्च सोसावा लागतो. आलेल्या पाहुण्यास जेवू घालावे लागते, पहाटे परतणे शक्य नसेल तर निजावयास जागा द्यावी लागते. पाहुण्याचेही येण्यात केवळ नाटक नसते. माहेरची भेट असते आणि त्याच मुक्कामात एखाद्या सोयरिकीची बोलणीही निघतात. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा शंकरपटाची गर्दी गेली. नाटके चालूच राहिली. नाटकाचा खरा आधार शर्यतीच्या गर्दीपेक्षा घरच्या पाहुण्यात असावा, असे यावरून अनुमान निघते.

एलिहू कॅट्झ व पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. माध्यमाचा संदेश माणसावर थेट परिणाम करतो त्यापेक्षा त्याच्या परिचयातील माणसांकरवी अधिक करतो, असा त्याचा आशय. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये त्यास एक महत्त्वाची पुरवणी जोडली: नवी वार्ता दूरवर जाते ती सैल ओळखींतून, कारण जवळची माणसे परस्परांना आधीच ठाऊक असलेलेच सांगत असतात. झाडीपट्टीत मात्र या दोन कार्यांची विभागणी दिसते. वार्ता सैल ओळखीतून पसरते. माणूस तिकीट काढून मांडवात येऊन बसतो तो घट्ट नात्यामुळे.

आज नाटकाचे रंगीत जाहिरातपत्र व्हॉट्सॲपवरून क्षणात शेकडो गावांत जाते. पुण्या-मुंबईस पोटासाठी गेलेल्या मुलालाही ते दिसते, आणि सुटी जुळली तर तो गावी येतोही. हा लाभ क्षुल्लक मानू नये. परंतु पुढे धाडणे जितके विनासायास, तितके त्या धाडण्याचे वजन कमी. अफवांच्या प्रसारास आवर घालण्यासाठी खुद्द व्हॉट्सॲपनेच २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्यास मज्जाव केला, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. शिवाय जाहिरातपत्र कितीजणांनी पाहिले, याची संख्या मंडळाच्या वहीत जमेस धरता येत नाही. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव देशभर झाले. पण नावलौकिक आणि मांडवातील प्रेक्षक या दोन वेगळ्या मोजण्या आहेत.

या विषयावर क्षेत्रीय काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास साधने फारशी लागणार नाहीत. तिकीटखिडकीशी उभे राहून परगावच्या प्रत्येक प्रेक्षकास दोनच प्रश्न विचारावेत: नाटक आहे हे प्रथम कशावरून कळले, आणि आज मुक्काम कोणाकडे. पहिल्या प्रश्नास भ्रमणध्वनी हे उत्तर वारंवार येईल. दुसऱ्याची उत्तरे मात्र गाव, घर व नाते यांसह नोंदवून घ्यावी लागतील.