आधी टायर, मग लिफ्ट: मोठ्या चाकांच्या गिऱ्हाइकाला काय विकायचं आणि काय नाही



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकतोय. थार, जिमनीवाले येतात आणि लिफ्ट किट मागतात. कुठलं ठेवू?" व्हिडिओत सगळं सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. आधी माझी चूक सांगतो, कारण त्या चुकीनेच मला हा धंदा शिकवला.

दुकान नवीन होतं. एक गिऱ्हाईक थार घेऊन आला. मोठे टायर त्याने आधीच ऑनलाइन मागवून बसवले होते आणि वळवताना ते घासत होते. म्हणाला, "लिफ्ट टाका, घासणं बंद झालं पाहिजे." मी स्पेसर किट टाकलं. बिल १४,०००. माल ८,५००, लेबर १,०००, हातात ४,५००. एका दुपारचे एवढे! मी खूश.

पंधरा दिवसांनी तो परत आला. कुटुंब आणि सामान घेऊन आंबोली घाट उतरताना एका वळणावर टायर आतल्या प्लॅस्टिक लायनरला अडकला, लायनर फाटून चाकात गुंडाळला गेला आणि स्टेअरिंग क्षणभर जड झालं. समोरून ट्रक येत होता. कुणाला लागलं नाही, हे नशीब. खाली बघितलं तर पुढच्या एक्सलचा रबरी बूटही फाटून ग्रीस उडालेलं. मी १४,००० परत केले, बूट आणि लेबरचे ३,२०० भरले, दोनदा अलाइनमेंटचे १,६०० गेले. ४,५०० कमावले म्हणून नाचलो होतो, शेवटी १४,३०० खिशातून गेले. पण पैशांपेक्षा त्याच्या बायकोने माझ्याकडे जसं बघितलं, ते अजून आठवतं.

चूक कुठे झाली? गिऱ्हाइकाने "लिफ्ट" मागितली आणि मी लिफ्ट विकली. त्याचा खरा प्रश्न टायरचा होता. म्हणून आज आमच्या दुकानात एकच क्रम चालतो: आधी वापर, मग टायर, आणि शेवटी लिफ्ट.

१. टायरवरचे आकडे वाचायला शिका

२०२० पासूनच्या नव्या थारच्या वरच्या मॉडेलला कंपनीकडून २५५/६५ आर १८ टायर येतात. २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के. १८ म्हणजे रिम इंचात.

आता गणित करा. २५५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १६६. वर आणि खाली धरून ३३१.५. रिम १८ इंच म्हणजे ४५७.२ मिमी. बेरीज झाली जवळपास ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच. गिऱ्हाइकाला हवाय २६५/७० आर १८. त्याची उंची येते ८२८ मिमी, म्हणजे साडेबत्तीस इंचाच्या आसपास.

फरक ३९ मिमीचा. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, साधारण २० मिमी, कारण टायरचा निम्मा भाग एक्सलच्या वर असतो आणि निम्मा खाली.

चाक ५ टक्के मोठं झालं, त्याचे परिणाम गिऱ्हाइकाला बसवण्याआधी सांगा. मीटरवर तोच आकडा दिसला तरी गाडी आधीपेक्षा ५ टक्के जास्त पळते. मीटरवर १०,००० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात साधारण १०,५०० चाललेली असते, म्हणजे सर्व्हिसही उशिरा होते. चाक जड असल्यामुळे पिकअप कमी होतो, ब्रेकवर ताण येतो, डिझेल जास्त लागतं. आणि स्टेपनी विसरू नका! मागच्या दारावर जड चाक टांगलं की बिजागरी बोलायला लागते.

२. लिफ्टने नक्की काय उंच होतं?

इथे नव्वद टक्के गिऱ्हाईक फसतात, आणि दुकानदारही.

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे चाक आणि चेसिस यांच्यातलं अंतर वाढवणं. थारचा मागचा एक्सल सरळ, एकसंध आहे. त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा हा गाडीचा खालचा भाग. तुम्ही २ इंच लिफ्ट टाकली तर बॉडी २ इंच वर जाते, पण तो गोळा जिथल्या तिथेच राहतो. गोळा उचलायचा असेल तर फक्त मोठा टायरच तो उचलतो. दगडावर गोळा आपटतो म्हणून कुणी लिफ्ट मागत असेल, तर त्याला लिफ्ट विकणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला मलम लावणं.

दुसरी गोष्ट. लिफ्ट टाकल्यावर उभ्या गाडीत चाकाच्या वर छान जागा दिसते. पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबतं तेव्हा चाक वर कुठपर्यंत जाणार, हे बंप स्टॉप ठरवतो. नुसत्या उंच स्प्रिंगने बंप स्टॉप हलत नाही. म्हणजे पूर्ण दबलेल्या अवस्थेत चाक तिथेच पोचतं जिथे आधी पोचत होतं, फक्त आता टायर मोठा आहे. घासणारच.

तिसरी गोष्ट. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासतो तो पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला किंवा आतल्या लायनरला. तिथे उंचीपेक्षा टायरची रुंदी आणि रिमचा ऑफसेट महत्त्वाचा. माझ्या त्या गिऱ्हाइकाचा रोग हाच होता, आणि मी भलतंच औषध दिलं.

३. लिफ्टचे प्रकार: कुणाला काय

*स्पेसर:* आहे त्या स्प्रिंगच्या किंवा शॉकअपच्या वर ठोकळा. सगळ्यात स्वस्त. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेल्या बऱ्याच गाड्यांत शॉकअप कंट्रोल आर्मच्या मध्ये कुठेतरी बसतो. त्यामुळे वर १ इंचाचा ठोकळा टाकला तर चाकाकडे जवळपास २ इंचाचा फरक पडतो. नवखा दुकानदार इथे हमखास फसतो. चाक लटकतं तेव्हा एक्सल आणि बॉल जॉइंट जास्त तिरके होतात आणि बूट फाटतात. थोडीशी उंची हवी असेल तर चालतं. जास्त उंचीसाठी स्पेसर नकोच.

*स्प्रिंग आणि शॉकअपचा पूर्ण सेट:* लांब स्प्रिंग आणि त्यालाच जुळणारे शॉकअप. महाग, पण गाडी चालायला नीट राहते. नुसत्या स्प्रिंग लांब टाकून शॉकअप कंपनीचेच ठेवले तर शॉकअप लवकर जातात. खरंच कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्यासाठी हाच योग्य.

*बॉडी लिफ्ट:* चेसिस आणि बॉडी यांच्या मध्ये ठोकळे. टायरला जागा खरोखर मिळते, पण स्टेअरिंगचा दांडा, पाइप, वायरिंग, बंपरची फट हे सगळं जुळवावं लागतं. नवीन दुकानाने या वाटेला जाऊ नये.

*पाट्यांच्या गाड्या:* जिप्सीला चारही चाकांना पाटे, बोलेरोला मागे. इथे पाटा वाढवून किंवा शॅकल लांब करून उंची मिळते. पाटे जास्त कडक केले तर गाडी नुसती उडते, हे आधीच सांगा.

जिमनीचं वेगळं आहे. तिला पुढे-मागे दोन्हीकडे सरळ एक्सल आणि कॉइल स्प्रिंग. उंची वाढली की एक्सल एका बाजूला सरकतो आणि पुढचा कॅस्टर अँगल कमी होतो, म्हणून स्टेअरिंग सरळ राहत नाही. बाजूचा रॉड अ‍ॅडजस्टेबल आणि कॅस्टरचे वेगळे बुश हे बिलात आधीच धरा. नंतर मागितलेला पैसा गिऱ्हाइकाला लुबाडणूक वाटतो.

आणि क्रेटा, सेल्टोससारख्या मोनोकॉक गाडीवाला लिफ्ट मागत आला तर चहा पाजा आणि चांगले टायर, अलाइनमेंट विका. लिफ्ट नको.

४. बसवल्यावर गाडी सोडण्याआधी

एक पुढचं चाक रॅम्पवर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दबेल. त्या अवस्थेत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मग दुसऱ्या बाजूने तेच. लायनरच्या आत शाडूच्या मातीचे छोटे गोळे चिकटवा. गोळा दबला तर तिथे टायर लागतोय. खर्च दहा रुपये, पण घाटातला प्रसंग टळतो.

त्यानंतर ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, हे चाक लटकवून बघा. अलाइनमेंट करा. हेडलाइट खाली घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा टाइट करायला बोलवा, आणि ते फुकट करा. तीच तुमची जाहिरात.

५. कायद्याचं बिल कोण भरणार?

हे न सांगता विकणारे खूप आहेत. तुम्ही त्यातले होऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात वाहन डीलरसाठी गाडीमागे १ लाख दंडाची तरतूद आहे. आपलं दुकान कुठे बसतं, हे शटर उघडण्याआधी वकिलाला विचारून घ्या. शिवाय वॉरंटी आणि विम्याचा क्लेम अडकू शकतो, तो वेगळाच.

म्हणून रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला माझा सल्ला साधा असतो: त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेल्या साइजमध्येच राहा, हवं तर जास्त पकडीचे ऑल टेरेन टायर घ्या. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथल्यासारख्या स्पर्धेची गाडी ही वेगळी गोष्ट आहे. ती फक्त ट्रॅकसाठी तयार होते. तिचा फोटो बघून ऑफिसला जायची गाडी बनवायची नसते.

६. काउंटरवरचे पाच प्रश्न

एक वही ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून लिहा:

१. महिन्यात किती दिवस कच्च्या रस्त्यावर जाता?
२. आत्ता नक्की काय अडतंय, बूड आपटतं, टायर घसरतो की फक्त दिसायला हवंय?
३. गाडीत कोण बसतं? म्हातारी माणसं चढू शकतील का?
४. गाडी वॉरंटीत आहे का?
५. टायर, लिफ्ट, अलाइनमेंट, जास्तीचे पार्ट मिळून एकूण बजेट किती?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मी गिऱ्हाइकं लिफ्टशिवायच समाधानी होऊन जातात. टायर घसरत असेल तर टायर विका. बूड आपटत असेल तर खालची स्किड प्लेट विका. बिल लहान होतं, पण गाडी परत येते ती पुढच्या कामासाठी, भांडायला नाही.

ते आंबोलीवाले गिऱ्हाईक? मी त्यांना कंपनीच्या साइजचे ऑल टेरेन टायर खरेदीच्या भावात बसवून दिले. गेल्या पावसाळ्यात ते भावाची गाडी घेऊन आले. मी विचारलं, "लिफ्ट टाकायची?" ते हसले आणि म्हणाले, "आधी तुमची वही काढा."

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या घरच्या गाडीच्या टायरवरचा नंबर वाचा, उंचीचं गणित वहीत करा आणि कमेंटमध्ये उत्तर लिहा. चुकलं तरी चालेल. वहीत चुकलेलं स्वस्त पडतं.