विद्यापीठाची जमीन लीजवर: कायदा काय सांगतो?

विद्यापीठाची मोकळी जमीन 'विकासासाठी' द्यायची चर्चा निघाली की अनेकजण विचारतात, कुलगुरू ती परस्पर देऊ शकतात का? नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 च्या कलम 8 नुसार राज्य शासनाची पूर्वमान्यता घेतल्याशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही, लीजवरही देता येत नाही.

पण शासनानेच होकार दिला तर? लीज म्हणजे काय, हे वक्फच्या जमिनींनी आपल्याला शिकवलंय: मालकी कागदावर, भाडं नाममात्र, ताबा दुसऱ्याचा. तिथे 2013 च्या दुरुस्तीने विक्री बंद झाली आणि लीजची कमाल मुदत वाढून 30 वर्षं झाली.

आपल्या कितीतरी मुली हॉस्टेल मिळालं तरच बाहेरगावी शिकायला जातात. जमीन गेली तर उद्याचं हॉस्टेल कुठे उभं राहणार?

म्हणून चार गोष्टी विचारूया: मुदत किती? भाडं किती, कुणाच्या खात्यात? वापर शिक्षणासाठीच का? अट मोडली तर जमीन परत येणार का? माहिती अधिकारात 10 रुपयांत अर्ज करता येतो. घरातल्या पदवीधरांनी अधिसभेच्या मतदार यादीत नावही नोंदवावं. ही जमीन पुढच्या पिढीची अमानत आहे.