मांजराचे दात काढायचे? हो, कधी कधी तोच उपाय असतो

ज्यांना इयरफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर.

आमच्या कासुर्डीच्या घरी मनी नावाची दहा महिन्यांची मांजर आहे. ती भूक लागली की ताटलीकडे धावायची, एक घास घ्यायची आणि ओरडून मागे सरायची. तोंडाला घाण वास, हनुवटीवर लाळ, अंग चाटणं बंद. डॉक्टरांनी तोंड उघडलं तर आत लालभडक!

आता हे समजून घ्या. सहा महिन्यांच्या आसपास पक्के दात येतात, तेव्हा हिरड्या थोड्या लाल होऊ शकतात. काही तरुण मांजरांत ही सूज जास्त असते, पण वेळेवर दात साफ केले तर बऱ्याचदा आटोक्यात राहते. लाली घशाजवळ, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात पोचली असेल तर मात्र प्रकरण वेगळं. त्याला स्टोमॅटायटिस म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्ती दातांवरच्या जंतूंवर गरजेपेक्षा जास्त चवताळते. अशा मांजरांत कॅलिसी व्हायरसही बऱ्याचदा सापडतो.

मग इंजेक्शन का पुरत नाही? अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडने चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. आमच्या भाषेत सांगायचं तर हा पॅच झाला, बग तसाच. वर स्टेरॉइड फार काळ चाललं तर मधुमेहाचा धोका.

म्हणून दाढा, कधी सगळेच दात काढतात. ऐकून आईच्या पोटात गोळा आला. "खाणार कशी रे ती?" पण मांजर घास फारसा चावत नाही, तोडून गिळतं. दुखणारे दात असण्यापेक्षा नसलेले बरे. साधारण तीनातल्या दोन मांजरांना यानं पूर्ण किंवा बराच आराम पडतो. बाकीच्यांना पुढेही औषध लागतं. फरक दिसायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. मनीची औषधं तिसऱ्या महिन्यात थांबली.

आपल्या तालुक्यातले दवाखाने मुख्यतः गायी-म्हशींचे, त्यामुळे आम्हाला पुणं गाठावं लागलं. शिरवळ आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कुठेही जा, आधी फोन करून विचारा: दातांचा एक्स-रे निघतो का? कारण मूळ आत राहिलं तर सूजही राहू शकते. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या विषाणूंची तपासणीही करून घ्या.

आणि हे स्क्रीनशॉट काढून ठेवा:

– क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, अजिबात नाही. एका गोळीनंही मांजर दगावू शकतं.
– लवंगेचं तेल लावू नका, तेही विषारी.
– दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. उपाशी मांजराचं यकृत काही दिवसांतच बिघडतं.
– तोवर मऊ, कोमट, बिनमसाल्याचं खाणं द्या.

मांजर दुखणं लपवतं. म्हणून आज घरी गेल्यावर तिचा ओठ हळूच वर करून बघा.