‘पदवीधरच जास्त बेकार’: आकडा खरा, निष्कर्ष खोटा

बारावीचे निकाल लागले की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘शिकलेलेच जास्त बेकार आहेत, मग पदवीवर पैसे कशाला घालवायचे?’ हल्ली या वाक्याला आकड्याचा आधारही मिळाला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागातून तयार झालेल्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातल्या तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये फक्त ३.४ टक्के. आकडे खरेच आहेत. पण त्यावरून ‘पदवी वाया जाते’ असं म्हणणं साफ चूक आहे. सुखवस्तू घरातली मुलं असं काही ऐकून कॉलेज सोडत नाहीत. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजपर्यंत पोचणार असतं, तिथली मुलगी मात्र यामुळे थांबवली जाते. म्हणून हा गैरसमज मुळातून खोडायला हवा.

पहिली चूक व्याख्येची. सरकारी पाहणीत ‘बेरोजगार’ म्हणजे ज्याच्याकडे काम नाही आणि जो काम शोधतोय किंवा करायला तयार आहे, असा माणूस. वडिलांच्या दोन एकरांत बिनपगारी राबणारा मुलगा या व्याख्येत ‘रोजगारात’ मोडतो. मिळेल त्या दिवशी चारशे-साडेचारशे रुपये हजेरीवर खडी फोडणाराही बहुतेक वेळा रोजगारातच धरला जातो. नोकरीसाठी अर्ज करत घरी थांबलेला पदवीधर मात्र बेरोजगार ठरतो. हातावर पोट असलेल्याला बेकार राहणं परवडतच नाही, म्हणून ३.४ हा आकडा इतका लहान दिसतो. तो सुबत्तेचा पुरावा नाही, नाइलाजाचा आहे. पदवीधराच्या मागे निदान काही महिने थांबता येईल एवढा घरचा आधार असतो, आणि हजेरीवर जाण्यापेक्षा बरं काही मिळेल अशी आशाही असते. त्यामुळे बेरोजगारीच्या दरावरून पदवीची किंमत ठरवता येत नाही.

दुसरी चूक वयाची. हा आकडा १५ ते २९ या वयोगटाचा आहे, म्हणजे त्यातले कित्येक पदवीधर नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया’ अहवालात वयानुसार आकडे वेगळे केले आहेत: पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४० टक्क्यांच्या वर, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांमध्ये ५ टक्क्यांच्याही खाली. पदवीचा खर्च आपण तीस-पस्तीस वर्षांच्या कमाईसाठी करतो. पहिल्या दोन-तीन वर्षांवरून तिचा निकाल लावणं हा हिशेब नव्हे.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की पस्तिशीत काम मिळतं खरं, पण ते पदवीच्या तोडीचं असतंच असं नाही; कित्येकांनी शेवटी मिळेल ते पत्करलेलं असतं. हे मान्य करायला हवं. पदवीधरांच्या संख्येइतक्या चांगल्या नोकऱ्या देशात तयार होत नाहीत, आणि हा दोष धोरणाचा आहे. पण त्याच थोड्या नोकऱ्यांच्या रांगेत पदवी नसलेल्याला उभंही राहता येत नाही. राज्यसेवेतून अधिकारी व्हायलाही पदवी लागते. दुसरा आक्षेप असा, की पदवीधर जास्त कमावतात कारण ते मुळातच बऱ्या घरातले असतात. यातही तथ्य आहे, म्हणूनच सरासरी कमाई दाखवून कोणतीही पदवी विकणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. प्रश्न नेमका विचारायला हवा: कोणती पदवी, कोणत्या कॉलेजातून, किती खर्चात आणि कोणता दुसरा मार्ग सोडून?

खर्चाचा हिशेब कागदावर मांडून पाहा. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षीच्या सुरुवातीला दोन लाख, असं आठ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं आणि शिक्षण संपल्यावर वर्षभराने फेड सुरू झाली, तर तोवर सरळव्याजानेच २ लाख ८० हजारांची भर पडते. १० लाख ८० हजार दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण १४,३०० रुपये येतो. पहिली नोकरी २५ हजारांची लागली, तर हा हप्ता देऊन पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस भागवणं अवघड जाईल. हीच पदवी सरकारी कॉलेजात किंवा शुल्कमाफीत मिळाली, तर चित्र पूर्ण बदलतं. म्हणून प्रवेशाआधी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी बघा, आणि कॉलेजने एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी जाहीर केलेली माहिती उघडून वेळेत उत्तीर्ण झालेले किती, नोकरी लागलेले किती आणि पगाराचा मध्यक किती, हे वाचा.

आता बाकीचे गैरसमज. ‘जाहिरातीतलं पॅकेज म्हणजे पगार’: ते एखाद्याच मुलाचं असतं, मध्यक म्हणजे ज्याच्या खाली निम्मी मुलं असतात, आणि बघायचा तो हाच आकडा. ‘शिकत असेपर्यंत कर्जावर व्याज नसतं’: असतं; ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांना सरकार ते भरून देतं, बाकीच्यांच्या खात्यावर ते साठत जातं. ‘मुलींना सगळीकडे फी माफ’: २०२४-२५ पासूनची राज्याची सवलत ठरावीक प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या आणि केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी आहे, व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. ‘आयटीआय केलं की पदवी बंद’: आयटीआयवरून डिप्लोमाच्या आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ‘मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही’: मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून कमी खर्चात शिकता येतं.

तेव्हा ‘पदवी घ्यावी का?’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. कमी फीची, वेळेत पूर्ण होणारी आणि पुढचे रस्ते उघडणारी पदवी बहुतेकांना परवडते; जमीन गहाण टाकून घेतलेली, नोकरीचे आकडे लपवणाऱ्या कॉलेजची पदवी परवडत नाही. आईवडिलांनी आणि मुलांनी मिळून हा हिशेब प्रवेशाच्या आधी करावा, आणि २९ टक्क्यांचा आकडा दाखवून कोणी मुलीला घरी बसवत असेल, तर तो आकडा काय मोजतो हे आधी त्याला विचारावं.